बापू नाडकर्णी यांची अष्टपैलू कारकीर्द : काटकसरीच्या मूल्याची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत क्रिकेटवर विपुल लेखन झाले आहे; परंतु त्यातील बहुतांश लेखन सामन्याचे वर्णन, खेळाडूचा गौरव आणि निधनानंतरची आदरांजली या तीन प्रकारांत मोडते. एखाद्या खेळाडूची कारकीर्द ही एक संहिता मानून तिचे अंतर्गत ताण, तिच्या मर्यादा आणि तिच्याविषयी समाजात रूढ झालेली प्रतिमा यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांच्या कारकिर्दीचा अशा दृष्टीने विचार केला आहे.

नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिक येथे झाला व निधन १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत झाले. १९५५ ते १९६८ या काळात ते ४१ कसोटी सामने खेळले. तथापि सर्वसामान्य क्रिकेटरसिकाला त्यांच्याविषयी एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे सलग २१ निर्धाव षटके. एका दुपारच्या या आकड्याने तेरा वर्षांची कारकीर्द झाकून टाकली. 'कंजूस गोलंदाज' ही त्यांची ओळख त्या आकड्यातूनच दृढ झाली आणि तिच्यात कौतुकाबरोबर किंचित थट्टाही मिसळलेली राहिली. ही ओळख त्यांच्या कर्तृत्वाला न्याय देते काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

'अष्टपैलू' या संज्ञेविषयी

इंग्रजीतील 'ऑलराउंडर' या शब्दासाठी मराठीने 'अष्टपैलू' हा शब्द स्वीकारला. 'पैलू' हा शब्द रत्नपरीक्षेतील आहे. रत्नाचे पैलू सुटे मोजून त्यांची बेरीज केली, तर रत्नाची किंमत निघत नाही. एका पैलूवर पडलेला प्रकाश दुसऱ्यातून बाहेर येतो, म्हणून ते झळकते. परंतु क्रिकेटच्या मूल्यमापनात मात्र आपण बेरीज-वजाबाकीचीच पद्धत वापरतो. फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा करावी. उत्तर धन आले तर खेळाडू खरा अष्टपैलू, ऋण आले तर अर्धामुर्धा, असा हा ठोकताळा आहे.

हा ठोकताळा नाडकर्णी यांना लावून पाहावा. कसोटीत त्यांच्या धावा १४१४, सरासरी २५.७०, बळी ८८, सरासरी २९.०७. उत्तर उणे ३.३७ येते. प्रथम श्रेणीच्या १९१ सामन्यांत मात्र त्यांच्या धावा ८८८०, सरासरी ४०.३६, शतके १४ आणि बळी ५००, सरासरी २१.३७. येथे उत्तर अधिक १८.९९ येते. खेळाडू तोच, हात तेच, काळही बहुतांशी तोच. तरीही एका हिशेबात तो अपुरा ठरतो आणि दुसऱ्यात असामान्य. कसोटीतील प्रतिस्पर्धी अधिक बलवान असतात हे मान्य केले, तरी एवढे अंतर केवळ त्यामुळे पडत नाही. संघाने त्यांना कोणते काम दिले, कोणत्या क्रमांकावर खेळवले आणि कोणाच्या जोडीने गोलंदाजी करावयास लावली, या बाबी सरासरीत कोठेही नोंदल्या जात नाहीत. म्हणूनच कारकिर्दीचा आलेख प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

कारकिर्दीचा आलेख

पुणे विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळून नाडकर्णी पुढे आले व १९५१-५२ च्या हंगामात महाराष्ट्राच्या संघात दाखल झाले. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध त्यांना कसोटी पदार्पणाची संधी मिळाली, ती विनू मांकड यांनी विश्रांती घेतल्यामुळे. त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या. गोलंदाजीत मात्र बळी मिळाला नाही. मांकड परतले आणि नाडकर्णी यांना जागा सोडावी लागली. डावखुरा फिरकी गोलंदाज आणि उपयुक्त फलंदाज ही त्या काळच्या भारतीय संघातील एकच जागा होती व तिच्यावर मांकडांसारखा श्रेष्ठ खेळाडू होता.

मांकड यांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमधील लँकेशायर लीगमध्ये हॅस्लिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. तेथून मोकळीक मिळवून ते लॉर्ड्स कसोटीत उतरले आणि ७२ व १८४ धावा व एका डावात पाच बळी अशी कामगिरी त्यांनी केली. व्यावसायिक क्रिकेटपटूला त्या काळी परदेशी क्लबची वाट धरावी लागे. देशात राहणारे खेळाडू बँका व कंपन्या यांच्या नोकऱ्यांवर अवलंबून असत आणि अशा नोकऱ्या प्रामुख्याने मुंबईत एकवटल्या होत्या. १९६० च्या सुमारास नाडकर्णी महाराष्ट्राकडून मुंबईकडे गेले, ही घटना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. आपल्या मावळ तालुक्यातून बोरघाट जातो. घाटमाथ्यावरील लोणावळा, भुशी हा परिसर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. हा घाट उतरून नाडकर्णी ज्या संघात गेले, त्या संघाने १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. १९६०-६१ मध्ये दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावा केल्या. ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या ठरली. ज्याला आपण केवळ 'धावा न देणारा गोलंदाज' म्हणून ओळखतो, त्याच्या नावावर अशी खेळी आहे याचा विसर पडणे हेच प्रचलित प्रतिमेच्या अपुरेपणाचे पहिले लक्षण होय.

मद्रास कसोटी, १९६४ : आकड्यांचे वाचन

१२ जानेवारी १९६४ रोजी, मद्रास येथील इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटीच्या तिसऱ्या दिवशी, नाडकर्णी यांनी सलग १३१ चेंडूंवर एकही धाव दिली नाही. डावाअखेर त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी असे होते. याचा अर्थ निर्धाव नसलेली षटके केवळ पाच आणि त्या पाचही षटकांत प्रत्येकी एकच धाव निघाली. त्या प्रदीर्घ टप्प्यात समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन होते. बोलस यांनी ८८ व बॅरिंग्टन यांनी ८० धावा केल्या. आठ चेंडूंच्या षटकांच्या काळात दक्षिण आफ्रिकेचा ऑफस्पिनर ह्यू टेफील्ड याने १९५७ मध्ये डर्बन येथे सलग १३७ चेंडू निर्धाव टाकले होते. नाडकर्णी यांचा पराक्रम त्याच तोडीचा आहे.

ही कामगिरी योगायोगाची नव्हती. १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत कानपूर येथे त्यांनी ३२ षटकांत २४ निर्धाव टाकून केवळ २३ धावा दिल्या होत्या, तर दिल्लीत ३४ षटकांत २४ निर्धाव टाकून २४ धावांत एक बळी घेतला होता. संपूर्ण कसोटी कारकिर्दीत त्यांनी ९१६५ चेंडूंवर २५५९ धावा दिल्या. म्हणजे षटकामागे सरासरी १.६७ धावा. टप्पा आणि दिशा यांवरील हे प्रभुत्व अपवादात्मक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु समीक्षकाने येथेच थांबून चालणार नाही. मद्रासच्या त्याच डावात चंदू बोर्डे यांनी ६७ हून अधिक षटके टाकून ८८ धावांत ५ बळी घेतले. म्हणजे एका लेगस्पिनरनेही षटकामागे दीड धावेपेक्षा कमी धावा दिल्या. नाडकर्णी यांचा विक्रम हा केवळ एका गोलंदाजाचा विक्रम नसून, एका अतिसावध डावाचाही विक्रम होता, असा निष्कर्ष यातून काढावा लागतो. शिवाय कसोटीत धावा ही एकच संपत्ती नसते. वेळ ही दुसरी संपत्ती असते. भारताने बुधी कुंदरन यांच्या १९२ व विजय मांजरेकर यांच्या १०८ धावांच्या बळावर पहिला डाव ७ बाद ४५७ वर घोषित केला होता. अशा स्थितीत प्रतिस्पर्ध्याला धावा न मिळणे जेवढे हितावह, तेवढेच त्याने बाद न होता दिवस काढणे घातक असते. इंग्लंडने ३१७ धावा केल्या आणि दुसऱ्या डावात २९३ धावांच्या लक्ष्यासमोर ते ५ बाद २४१ वर असताना सामना अनिर्णित राहिला. त्या मालिकेतील पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. १९६०-६१ ची पाकिस्तानविरुद्धची पाच सामन्यांची मालिकाही तशीच संपली होती. एका खात्यातील काटकसर दुसऱ्या खात्यात खर्ची पडली, असे या काळाचे वर्णन करता येईल. नाडकर्णी यांना एका बळीसाठी सरासरी १०४ चेंडू टाकावे लागले, हा आकडा त्यांच्या १.६७ या आकड्याच्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे.

दोन टोके, एक डाव : बोर्डे यांचे साक्ष्य

वरील मर्यादा मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. बोर्डे यांचे ५ बाद ८८ हे त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील सर्वोत्तम पृथक्करण ठरले आणि ते नेमके त्याच डावात, ज्यात दुसऱ्या टोकाकडून काही काळ एकही धाव निघत नव्हती. एका टोकाला धाव मिळत नसेल, तर फलंदाज दुसऱ्या टोकाला धोका पत्करतो, हे क्रिकेटमधील जुने तत्त्व आहे. ते पाच बळी नाडकर्णी यांच्यामुळेच मिळाले, असे सिद्ध करता येणार नाही. बोर्डे यांच्या कौशल्याचे श्रेय कमी करण्याचेही कारण नाही. मात्र डाव हे दोन्ही टोकांचे संयुक्त कार्य असते आणि धावफलक ते दोन स्वतंत्र ओळींत विभागतो, एवढे निश्चित म्हणता येते. त्या दोन ओळींपैकी लोकस्मृतीने बळी नसलेली ओळ जपली आणि पाच बळींची ओळ विसरली. ही लोकस्मृतीची विलक्षण निवड आहे.

बोर्डे यांची कारकीर्द येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. २१ जुलै १९३४ रोजी पुण्यात जन्मलेल्या बोर्डे यांनी ५५ कसोटींत ३५.५९ च्या सरासरीने ३०६१ धावा केल्या व ४६.४८ च्या सरासरीने ५२ बळी घेतले. सूत्रानुसार उत्तर उणे १०.८९ येते. परंतु खांद्याच्या दुखापतीमुळे १९६४ च्या सुमारास त्यांची लेगस्पिन जवळजवळ थांबली आणि त्यानंतरच्या सुमारे वीस कसोटी ते प्रामुख्याने फलंदाज म्हणून खेळले. कारकिर्दीच्या पूर्वार्धातील अष्टपैलू आणि उत्तरार्धातील फलंदाज या दोन भिन्न व्यक्तींची एकच सरासरी काढली जाते. बोर्डे यांच्या बाबतीत सरासरी काळाचा भेद पुसते, तर नाडकर्णी यांच्या बाबतीत ती भूमिकेचा भेद पुसते.

कंजुषी आणि काटकसर

मराठीत 'कंजूस' आणि 'काटकसरी' या दोन शब्दांत नैतिक भेद आहे. कंजूस स्वतःसाठी राखतो व गरजेच्या वेळीही देत नाही. काटकसर करणारी व्यक्ती घरासाठी राखते आणि प्रसंग येताच हात सैल सोडते. नाडकर्णी यांना कोणता शब्द लागू पडतो, हे ठरवण्यासाठी त्यांनी प्रसंगी काय दिले ते पाहावे लागेल.

पहिला पुरावा त्याच मालिकेतील आहे. मद्रासनंतर महिनाभराने, कानपूरच्या पाचव्या कसोटीत इंग्लंडने ८ बाद ५५९ धावांवर डाव घोषित केला आणि भारतावर फॉलोऑनची वेळ आली. नाडकर्णी यांनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा केल्या व सामना वाचवला. हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. धावा नाकारणाऱ्या गोलंदाजाने स्वतःचा बळीही तेवढ्याच निग्रहाने नाकारला. दोन्ही पैलूंत वृत्ती एकच असल्याचे येथे दिसते.

दुसरा पुरावा ऑक्टोबर १९६४ मधील आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रास येथे त्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ असे एकूण अकरा बळी घेतले. भारत तो सामना १३९ धावांनी हरला; कदाचित म्हणूनच जानेवारीतील बळीशून्य पृथक्करणाइतके हे अकरा बळी स्मरणात राहिले नाहीत. लगेचच मुंबईत झालेल्या कसोटीत त्यांनी दुसऱ्या डावात ३३ धावांत ४ बळी घेतले. भारतासमोर २५४ धावांचे लक्ष्य आले आणि बोर्डे यांच्या नाबाद ३० धावांमुळे भारताने दोन गडी राखून विजय मिळवला. येथे काटकसर आणि बळी या दोन गोष्टी एकाच टोकावर एकत्र आल्या.

तिसरा पुरावा १९६८ चा आहे. न्यूझीलंडच्या दौऱ्यात भारताने ३-१ अशी मालिका जिंकली. परदेशातील हा भारताचा पहिला मालिकाविजय होता. वेलिंग्टन कसोटीत नाडकर्णी यांनी दुसऱ्या डावात ४३ धावांत ६ बळी घेतले. याच दौऱ्यातील ऑकलंडचा सामना त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. दुसऱ्या टोकाकडून एरापल्ली प्रसन्ना यांच्यासारखा आक्रमक ऑफस्पिनर उपलब्ध असताना नाडकर्णी यांची अचूकता सामना लांबवण्याऐवजी तो संपवण्याच्या कामी आली. कौशल्य तेच होते. बदलला होता तो संघाचा हेतू. म्हणून १९६४ च्या मद्रासमधील बळीशून्यतेचा दोष एकट्या गोलंदाजावर टाकता येत नाही, तसेच त्या निर्धाव षटकांचे श्रेयही एकट्याला देता येत नाही.

जागतिक पातळीवर तुलना करावयाची झाल्यास दक्षिण आफ्रिकेचे ट्रेव्हर गोडार्ड यांचे उदाहरण समोर येते. तेही डावखुरे, तेही षटकामागे १.६४ धावा देणारे. परंतु ते डावाची सुरुवात करणारे फलंदाज होते व त्यांनी ३४.४६ च्या सरासरीने २५१६ धावा आणि २६.२२ च्या सरासरीने १२३ बळी अशी कामगिरी केली. गोडार्ड यांना फलंदाजीत निश्चित स्थान लाभले. नाडकर्णी यांना संघाच्या गरजेनुसार वर-खाली खेळावे लागले. प्रथम श्रेणीतील ४० ची सरासरी कसोटीत २५ वर येण्यामागील हे एक कारण मानता येईल.

गहुंजे येथील प्रत्यय

नाडकर्णी यांची कला आजच्या क्रिकेटमध्ये कालबाह्य झाली आहे, असे एक मत मांडले जाते. या मताची तपासणी करण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मावळ तालुक्यातील गहुंजे येथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या मैदानावर भारताने दोन कसोटी सामने गमावले आणि दोन्ही वेळा पराभवाचे मुख्य कारण परदेशी डावखुरा फिरकी गोलंदाज होता. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेतले व भारत ३३३ धावांनी हरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १५७ धावांत १३ बळी घेतले. भारताचा ११३ धावांनी पराभव झाला आणि मायदेशातील सलग अठरा मालिकाविजयांची परंपरा खंडित झाली. सँटनर हाही अष्टपैलू म्हणूनच ओळखला जाणारा खेळाडू आहे. चेंडू फार वळवण्यापेक्षा योग्य टप्पा न सोडणे व वेगात सूक्ष्म बदल करणे यांवर या दोघांचे यश उभे होते. अनुकूल खेळपट्टीवर फलंदाजाला सैल चेंडू न देणे हेच आक्रमण ठरते, हे या दोन सामन्यांनी दाखवून दिले. नाडकर्णी यांच्या वाट्याला बहुधा याच्या उलट, निर्जीव खेळपट्ट्या आल्या, हेही त्यांच्या १०४ या आकड्याच्या मूल्यमापनात लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथमतः, दोन सरासरींच्या वजाबाकीने अष्टपैलू खेळाडूचे मोजमाप करणे अपुरे आहे. ते भूमिका, काळ आणि दुसरे टोक या तिन्ही घटकांची नोंद घेत नाही. द्वितीयतः, मद्रास येथील निर्धाव षटके हे नाडकर्णी यांच्या कारकिर्दीचे शिखर नसून त्यांच्या कौशल्याचा एक नमुना आहे आणि तोही सर्वांत फलदायी नव्हे. त्यांच्या कर्तृत्वाचे सार शोधावयाचे असेल, तर कानपूरमधील नाबाद १२२ धावा, १९६४ मधील मुंबईचा विजय आणि वेलिंग्टनचे सहा बळी यांकडे वळावे लागेल. तृतीयतः, त्यांच्यासाठी 'कंजूस' हे विशेषण योग्य नाही. ते काटकसरी होते. त्यांनी जे राखले ते संघासाठी राखले, मात्र त्या बचतीचे काय करावयाचे हे १९६० च्या दशकातील भारतीय संघाला बराच काळ उमगले नव्हते.

या चर्चेला क्रीडाक्षेत्रापलीकडेही एक संदर्भ आहे. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीनंतर महाविद्यालयीन अध्यापकाच्या कामाचेही निर्देशांकात रूपांतर होऊ लागले. तक्त्यात ज्याला रकाना आहे तेच काम दिसते. सहकाऱ्याचे काम सुकर व्हावे म्हणून दुसऱ्या टोकाकडून निमूटपणे टाकलेल्या षटकांना त्यात रकाना नसतो. मोजमाप असू नये असे येथे सुचवावयाचे नाही. नाडकर्णी यांची बाजूही शेवटी आकड्यांच्याच आधारे मांडावी लागली. मात्र एका आकड्यावर न थांबता त्याच्या शेजारचा आकडा वाचण्याची सवय मूल्यमापन करणाऱ्याने स्वतःला लावून घेतली पाहिजे. मद्रासच्या त्या धावफलकावर नाडकर्णी यांच्या ओळीबरोबरच बोर्डे यांचीही ओळ आहे; दोन्ही ओळी एकत्र वाचल्या, तरच तो डाव समजतो.